बाहुली आणि मूर्तिका : विज्ञानकथेतील आकृतींचा संग्रह व त्यांचे छायाचित्रण

मनुष्याकृती लहान वस्तूला मराठीत नावे पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी निर्वेधपणे चालत नाही. मूर्ती देव्हाऱ्यात बसते, पुतळा चौकात उभा राहतो, बाहुली मुलीच्या कडेवर असते, बाहुला भातुकलीच्या लग्नात नवरा होतो, ठकी लाकडाची असते आणि बुजगावणे शेतात असते. या नावांची वाटणी आकारावरून किंवा द्रव्यावरून झालेली आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण बारकाईने पाहिल्यास त्या वस्तूशी माणसाचा व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे यावरूनच मुख्यतः नाव ठरते, असे दिसून येईल. मातीची तीच आकृती दुकानात खेळणे असते आणि प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्ती होते. वस्तू बदलत नाही, तिच्याशी वागण्याची रीत बदलते आणि नाव त्या रीतीमागून येते.

अमेरिकेत १९६४ साली याच्या नेमका उलट प्रयोग झाला. तेथे नाव आधी ठरविण्यात आले आणि रीत त्यामागून आली. मॅटेल कंपनीच्या बार्बी या बाहुलीने १९५९ पासून मुलींची बाजारपेठ काबीज केली होती. हॅसनफेल्ड ब्रदर्स (पुढे हॅस्ब्रो) या कंपनीने मुलांसाठी तशीच, सुमारे बारा इंच उंचीची, कपडे बदलता येतील अशी एक सैनिकाची आकृती तयार केली आणि तिला ‘जी. आय. जो’ असे नाव दिले. वस्तुतः ती बाहुलीच होती. परंतु मुलाच्या हाती बाहुली द्यावयास बाप तयार होणार नाही ही भीती असल्यामुळे ‘डॉल’ हा शब्द वर्ज्य ठरला आणि त्याच्या जागी ‘ॲक्शन फिगर’ हा नवा शब्दप्रयोग रूढ करण्यात आला. कंपनीच्या विक्रेत्यांनीही चुकून ‘डॉल’ म्हणू नये असा दंडक होता, असे सांगतात. एखादा शब्द टाळण्यासाठी घडविलेल्या शब्दांना व्यवहारात सहसा फार आयुष्य लाभत नाही. हा शब्द मात्र टिकला, इतकेच नव्हे तर त्याने एक स्वतंत्र छंद जन्मास घातला. मराठीत त्याला रूढ पर्याय नाही; प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘मूर्तिका’ हा शब्द योजिला आहे.

कंपनीने दिलेले नाव शासनाला बंधनकारक नसते, याचा अनुभव पुढे आला. अमेरिकेच्या जकातीच्या कोष्टकात बाहुल्या आणि इतर खेळणी यांवरील कराचे दर वेगळे होते. त्यामुळे सैनिकाची आकृती ही बाहुली की खेळातला शिपाई, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि जी. आय. जो ही कायद्याच्या दृष्टीने बाहुलीच होय, असा निर्णय अपील न्यायालयाने १९८९ साली दिला. दुसरा खटला अधिक उद्बोधक आहे. त्यावेळी बाहुल्यांवर १२ टक्के व इतर खेळण्यांवर ६.८ टक्के जकात होती आणि मनुष्याचे रूप असेल तरच ती बाहुली, अशी कायद्याची व्याख्या होती. टॉय बिझ या कंपनीने आपल्या ‘एक्स-मेन’ मालिकेतील मूर्तिका मनुष्याच्या नव्हेतच, असा दावा केला. न्यायालयाने एकेका मूर्तिकेचे नखे, शेपटी, त्वचेचा रंग अशा लक्षणांवरून परीक्षण केले आणि २००३ साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला. यातील गंमत अशी की, उत्परिवर्तन होऊन वेगळी शक्ती लाभलेली ही पात्रे माणसेच आहेत आणि त्यांना अमानुष लेखणे हा अन्याय आहे, हाच त्या कथांचा मूळ आशय आहे. कथेच्या मालकांशी एकजीव झालेल्या कंपनीनेच कथेविरुद्ध साक्ष दिली म्हणून वाचकवर्ग नाराज झाला. अर्थनिर्धारणाचा असा प्रसंग, की ज्यात एका शब्दाच्या व्याप्तीवर पाच टक्क्यांहून अधिक कर अवलंबून आहे, शब्दार्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल.

या छंदाचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर त्यातील दोन क्रिया प्रथम अलग केल्या पाहिजेत. एक संग्रह करणे, दुसरी छायाचित्र घेणे. एकच मनुष्य पुष्कळदा दोन्ही करतो, म्हणून त्या एकाच छंदाच्या दोन बाजू आहेत असे मानले जाते. परंतु मूर्तिकेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी परस्परांहून भिन्न आहेत, आणि एका मर्यादेनंतर परस्परविरोधीही. संग्राहक कोश रचीत असतो: प्रत्येक नोंद वेगळी, पूर्ण, आणि आपल्या जागी स्थिर. छायाचित्रकार वाक्य रचीत असतो. त्याला शब्द कोशातून उचलून, वाकवून, दुसऱ्या शब्दाशेजारी ठेवावाच लागतो.

संग्रहाचे शास्त्र ज्या मालिकेवर उभे राहिले ती केनर कंपनीची ‘स्टार वॉर्स’ मालिका होय. चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. त्याला एवढे यश मिळेल ही कल्पना कोणालाच नव्हती, त्यामुळे सिनसिनाटीच्या या कंपनीजवळ नाताळपूर्वी मूर्तिका तयार होण्याची मुळीच शक्यता नव्हती. तेव्हा कंपनीने एक रिकामे पाकीट विकले. त्यात पात्रांची चित्रे छापलेला पुठ्ठ्याचा मंच आणि एक प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र टपालाने पाठविले म्हणजे १९७८ साली ल्यूक, राजकन्या लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार मूर्तिका घरपोच येत. वस्तू हाती नसताना वस्तूंची नावे व जागा प्रथम घरी आणावयाच्या आणि मग त्या जागा भरत जावयाचे, हे संग्राहकाच्या मनोवृत्तीचे मर्म या पाकिटात अगदी उघडपणे दिसते.

मूर्तिकांची उंची पावणेचार इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर ठरली. कंपनीच्या अध्यक्षांनी आंगठा व तर्जनी यांत अंतर धरावयास सांगितले आणि ते मोजून उंची ठरविली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, निर्णयामागील कारण स्पष्ट आहे. त्याआधी मेगो कंपनीच्या ‘स्टार ट्रेक’ मूर्तिका आठ इंची होत्या आणि मूळची जी. आय. जो बारा इंची. त्या मापाने अवकाशयान करावयाचे तर ते घराच्या दारातून आत येणार नाही. पावणेचार इंची आकृतीला मात्र बसण्याजोगे यान मुलाच्या हाती देता येते. म्हणजे येथे पात्राचे माप पात्रावरून नव्हे, तर ज्या इतर वस्तूंशी त्याचा संबंध यावयाचा त्यांवरून ठरले. त्यामुळे सगळ्या वस्तू परस्परसापेक्ष झाल्या, आणि एक घेतली की दुसरीवाचून ती अपुरी वाटू लागली. १९८२ साली स्वतः जी. आय. जोनेही हेच माप स्वीकारले.

पहिल्या बारा मूर्तिकांच्या वेष्टनांवरील नावे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावीत. चित्रपटात कोणाही पात्राच्या तोंडी न आलेली नावे तेथे आहेत. वाळवंटातील एका रानटी योद्ध्याच्या मूर्तिकेवर ‘सँड पीपल’ असे अनेकवचन छापले होते. वस्तू एक, नाव समूहाचे. पुढे वेष्टनावर ‘टस्कन रेडर’ हे एकवचनी नाव आले. ‘डेथ स्क्वाड कमांडर’ हे नाव मुलांच्या खेळण्यास फार क्रूर वाटले असावे. ते बदलून ‘स्टार डिस्ट्रॉयर कमांडर’ झाले. पुढच्या गटात मद्यगृहातील प्राण्यांना ‘वॉलरस मॅन’, ‘हॅमरहेड’, ‘स्नॅगलटूथ’ अशी नावे मिळाली. ही तर निव्वळ टोपणनावे होती, एखाद्याला ‘दात्या’ किंवा ‘टकल्या’ म्हणावे तशी. पुढील काळात लेखकांनी त्याच प्राण्यांना पोंडा बाबा, मोमॉ नेडॉन, झटन अशी भारदस्त नामे दिली आणि चरित्रेही दिली. तरी जुना संग्राहक आजही ‘वॉलरस मॅन’च म्हणतो. त्याच्या लेखी ते नाव कथेतील पात्राचे नसून त्या विशिष्ट नारिंगी वेषातल्या प्लॅस्टिकच्या वस्तूचे आहे. आणि हे म्हणणे अगदी रास्त आहे, कारण चित्रपटातील प्राण्याचा वेष तसा नव्हताच.

वेष्टनाच्या पाठीमागे उपलब्ध मूर्तिकांची चित्रे असत. त्यांची संख्या वाढत गेली, तसतसे पाठीमागील चित्रांच्या संख्येवरून वेष्टनाचा काळ ठरविण्याची पद्धत पडली. ‘ट्वेल्व्ह-बॅक’, ‘ट्वेंटी-बॅक’, ‘ट्वेंटीवन-बॅक’ या संज्ञा अशा आल्या. हस्तलिखितांच्या संशोधनाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. पोथीच्या मजकुरापेक्षा तिच्या मलपृष्ठावरील किरकोळ नोंदींनी कालनिर्णय व्हावा, तसाच हा प्रकार आहे. साम्य येथेच थांबत नाही. पाठचिकित्सेत शुद्ध पाठापेक्षा अपपाठ अधिक उपयोगी ठरतो, कारण कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे समान चुकांवरून कळते. संग्राहकाच्या शास्त्रातही चूक हाच मोठा पुरावा असतो. जुन्या जी. आय. जोच्या उजव्या आंगठ्याचे नख चुकीच्या बाजूस आहे. मनुष्यदेहावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, पण या नखावर व गालावरील व्रणावर तो सांगता येतो, म्हणून नक्कल पकडण्यास ते नख कामी आले.

स्नॅगलटूथची कथा या संदर्भात विस्ताराने सांगण्यासारखी आहे. सीअर्स या दुकानासाठी १९७८ साली मद्यगृहाचा पुठ्ठ्याचा एक संच काढण्यात आला व त्यात चार मूर्तिका घालण्यात आल्या. स्नॅगलटूथ घडविणाऱ्यांजवळ त्या प्राण्याचे केवळ कमरेपर्यंतचे कृष्णधवल छायाचित्र होते. रंग कळण्यास मार्ग नव्हता, उंचीही कळत नव्हती. त्यांनी निळा वेष, रुपेरी बूट आणि इतरांइतकीच उंची अशी मूर्तिका केली. मूळ प्राणी बुटका, तांबड्या वेषातला आणि उघड्या केसाळ पायांचा होता! चूक लक्षात आल्यावर दुरुस्त मूर्तिका बाजारात आली व निळी बंद झाली. आज शुद्ध पाठ सर्वत्र मिळतो आणि अपपाठ शोधावा लागतो. छायाचित्रात जे दिसत नाही ते कल्पनेने भरून काढल्यामुळे ही वस्तू जन्माला आली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची आहे.

जावा नामक बुटक्या प्राण्याची मूर्तिका प्रथम प्लॅस्टिकच्या पातळ झग्यात आली. एवढ्याशा खेळण्याला इतरांइतकीच किंमत, तेव्हा निदान वस्त्र तरी बरे द्यावे, अशा विचाराने लवकरच झगा कापडाचा झाला. परिणामी प्लॅस्टिकचा झगा दुर्मिळ ठरला, आणि दुर्मिळ ठरताच त्याच्या नकला निघाल्या. बेन केनोबीच्या मूर्तिकेचा मोठा झगा कापून जावाला चढविणे ही त्यांतील प्रसिद्ध युक्ती. म्हणून संग्राहक आज झग्याच्या कडा, पोत आणि बाह्यांची छिद्रे भिंगातून पाहतात.

अस्तित्वात न आलेल्या वस्तूचे मूल्य सर्वांत अधिक असते, हे बोबा फेट या मूर्तिकेने सिद्ध केले. चार वेष्टनांवरील खरेदीचे पुरावे कापून पाठविल्यास पाठीवरून क्षेपणास्त्र सुटणारी ही मूर्तिका मिळेल, असे १९७९ साली जाहीर झाले होते. म्हणजे पात्र चित्रपटात दिसण्यापूर्वीच. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या अवकाशयानातील असेच क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले. केनरने सुटणारे क्षेपणास्त्र रद्द केले आणि ते जागच्या जागी पक्के बसवून मूर्तिका पाठविली. तयारीच्या काळातील काही मोजके नमुने मात्र शिल्लक राहिले. त्यांच्या पाठीवरील खाच रोमन ‘एल्’च्या आकाराची की ‘जे’च्या, यावरून त्यांचे दोन वर्ग करतात. असा एक हाताने रंगविलेला नमुना २०२४ साली लिलावात ५,२५,००० डॉलर्सना विकला गेला. येथे एक छोटी विसंगतीही नोंदविली पाहिजे. टपालाने आलेल्या प्रत्येक बोबा फेटमागे चार वेष्टने कात्रीने फाडली गेली. एका नोंदीसाठी चार नोंदी खराब करणाऱ्या मुलांना आपण कोश फाडीत आहोत याची जाणीव असण्याचे कारण नव्हते. त्यांना खेळावयाचे होते.

हाच या छंदातील खरा पेच आहे. संग्राहकांच्या परिभाषेत न उघडलेल्या मूर्तिकेस ‘मिंट ऑन कार्ड’ म्हणतात. ‘मिंट’ म्हणजे टांकसाळ. नाणे टांकसाळीतून निघाले ते थेट येथे आले, मध्ये कोणाचाही हात लागला नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडे नोटेला ‘कोरी करकरीत’ म्हणतात त्या जातीचा हा शब्द आहे. वेष्टनातून काढलेल्या मूर्तिकेला ‘लूज’ म्हणतात, आणि या शब्दात थोडी अनुकंपा आहे. वस्तूला शंभरपैकी गुण देऊन ती पारदर्शक पेटीत कायमची बंद करून देणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला तर गुण कमी होतात, प्लॅस्टिकचा फुगा पिवळसर झाला तरी कमी होतात. ज्या वस्तूच्या नावातच ‘ॲक्शन’ आहे, जिला सांधे आहेत आणि ते हलावेत म्हणूनच आहेत, तिचे मूल्य ती कधीच हलली नाही यावर अवलंबून असावे, ही अवस्था विचार करण्यासारखी आहे. संग्राहकाला हे समजत नाही असे मुळीच नाही. पुष्कळजण एकाच मूर्तिकेच्या दोन प्रती घेतात, एक ठेवण्यासाठी व एक उघडण्यासाठी. ज्यांना दोन परवडत नाहीत त्यांना मात्र निवड करावी लागते, आणि ती एकदाच करता येते.

जे उघडतात त्यांच्यापैकी अनेकजण आज छायाचित्रकार आहेत. खेळण्यांच्या छायाचित्रणास कलाक्षेत्रात प्रतिष्ठा मिळाली ती डेव्हिड लेव्हिन्थाल यांच्या कामाने. गॅरी ट्रूडो यांच्या सहकार्याने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिटलर मूव्ह्ज ईस्ट’ या पुस्तकात त्यांनी खेळण्यातील शिपायांची छायाचित्रे युद्धवार्तेच्या थाटात मांडली होती. ते शिपाई विज्ञानकथेतील नव्हते. परंतु अस्पष्टता हा दोष न मानता तिचा अर्थासाठी उपयोग करावयाचा, ही दृष्टी तेथून मिळाली. अंकीय कॅमेरा सर्वांच्या हाती आल्यावर हा व्यासंग झपाट्याने पसरला. फिनलंडचे वेसा लेहतिमाकी आपल्या मुलाची लेगोची ‘स्टार वॉर्स’ खेळणी टिपता टिपता या क्षेत्रातील मान्यवर झाले. त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक २०१५ साली निघाले.

छायाचित्रकाराची पहिली अडचण प्रमाणाची असते. पावणेचार इंची मूर्तिका मनुष्याच्या अठराव्या हिश्शाची आहे; सहा इंची बाराव्या हिश्शाची, आणि बारा इंची सहाव्या. मूर्तिकेचे रंग, कपडे, शस्त्रे सर्व हुबेहूब असली तरी प्रकाशाचे नियम अठरापट लहान होत नाहीत. याचे उदाहरण आकड्यांनी पाहणे बरे. ३६ × २४ मिलिमीटरचा संवेदक, ५० मिलिमीटरचे भिंग आणि आठ क्रमांकाचे छिद्र घेऊन पूर्ण उंचीच्या माणसाचे छायाचित्र काढले, तर त्याच्या पुढेमागे मिळून सुमारे ५ मीटर अंतरातील वस्तू स्पष्ट येतात. त्याच साधनांनी साडेनऊ सेंटिमीटरच्या मूर्तिकेने चौकट तितकीच भरली, तर स्पष्ट पट्टा सुमारे १४ मिलिमीटर एवढाच उरतो. मूर्तिकेच्या जगात मोजल्यास हे अंतर २५ सेंटिमीटर होते. म्हणजे नाक स्पष्ट आले तर पाठीवरील पिशवी पुसट होते. पाहणाऱ्याला हे गणित ठाऊक नसते, तरी डोळ्याला ते कळते. परका मनुष्य व्याकरणशुद्ध मराठी बोलत असतानाही त्याचा हेल त्याचे गाव सांगून जातो, तसाच हा पुसटपणा वस्तूचा लहानपणा सांगून जातो. खऱ्या शहराच्या छायाचित्राचा वरचा व खालचा भाग मुद्दाम पुसट केला, तर ते शहर खेळण्यातले वाटू लागते. हा त्याच नियमाचा व्यत्यास होय.

यावर उपाय अनेक आहेत, आणि प्रत्येकाची किंमत द्यावी लागते. छिद्र बावीस क्रमांकापर्यंत लहान केल्यास स्पष्ट पट्टा चार सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पण प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र किंचित मऊ होते. लक्ष्यबिंदू थोडा थोडा पुढे सरकवीत घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करता येतात. फोनमधील कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्यामुळे त्यात मुळातच अधिक खोली स्पष्ट येते, आणि फोन उलटा धरला तर त्याचे भिंग थेट जमिनीला टेकते. हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे. मूर्तिकेचे डोळे जमिनीपासून नऊ सेंटिमीटरांच्या आतच असतात. कॅमेरा त्याहून वर राहिला तर पाहणारा देवासारखा किंवा मुलासारखा वरून पाहतो, आणि मूर्तिका खेळणे होते. कॅमेरा तिच्या दृष्टीच्या पातळीस उतरला की ती पात्र होते. डोळ्यातील ज्या छिद्रातून आपण पाहतो त्यालाही मराठीत ‘बाहुली’च म्हणतात. लॅटिनमध्येही डोळ्याच्या बाहुलीला लहान मुलगी वा बाहुली या अर्थाचा शब्द आहे. समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवलीशी आकृती दिसते, त्यावरून दोन्हीकडे स्वतंत्रपणे ही कल्पना निघाली असावी.

प्रमाणाचा हा प्रश्न द्रव्यांनाही लागू पडतो. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण अठरापटींनी नऊ मिलिमीटरचा होतो, म्हणजे वाळवंट म्हणून पसरलेली वाळू छायाचित्रात खडी दिसते. म्हणून वाळवंटासाठी गाळलेली बारीक माती व बर्फासाठी मैदा किंवा खाण्याचा सोडा वापरतात. रांगोळीची पूडही या कामी चालावी. पाणी तर मुळीच फसत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताणाने ठरतो, तीन मिलिमीटरचा थेंब मूर्तिकेच्या जगात मुठीएवढा होतो, आणि पावसाचे दृश्य तेथेच कोसळते. कापडाचे तसेच. ज्या कापडी झग्याने जावाला खेळण्याच्या बाजारात प्रतिष्ठा दिली, तोच झगा छायाचित्रात गोणपाटासारखा जाड दिसतो, आणि हलका ठरलेला प्लॅस्टिकचा झगाही काही बरा दिसत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती महादरवाजाहून उंच असते आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही, कारण तेथे माप योग्यतेचे असते, अंतराचे नव्हे. छायाचित्राला ही सवलत नाही.

दुसरी अडचण सांध्यांची. केनरच्या जुन्या मूर्तिकांना मान, दोन खांदे व दोन जांघा असे पाचच सांधे होते. कोपर नाही, गुडघा नाही. आज सहा इंची मूर्तिकांना वीसहून अधिक सांधे असतात. जपानमध्ये २००८ पासून आलेल्या ‘फिग्मा’ व ‘एस. एच. फिगुआर्ट्स’ या मालिकांनी याबाबतीत मोठी मजल मारली. इंग्रजीत सांध्यांच्या या रचनेला ‘आर्टिक्युलेशन’ म्हणतात आणि ध्वनिशास्त्रात उच्चारणाला तोच शब्द आहे. मराठीतील ‘सांधा’ व व्याकरणातील ‘संधी’ हेही एकाच मुळाचे. व्याकरणातील संधीत दोन वर्ण असे जुळतात की जोड दिसू नये. छायाचित्रकाराचे कौशल्यही जोड दिसू न देण्यातच असते. कोपरातील खिळा कॅमेऱ्याकडे आला की वाक्य तुटते. शरीराचा भार एका पायावर टाकणे, खांदे व कंबर परस्परविरुद्ध कलविणे, नजरेच्या दिशेने मान किंचित आधी वळविणे, अशा युक्त्यांनी प्लॅस्टिकमध्ये वजन आल्याचा भास होतो. पाच सांध्यांच्या जुन्या मूर्तिकेला यांपैकी बहुतेक काही करता येत नाही. ती फक्त उभी राहू शकते किंवा बसू शकते. तरीही अनेकांना तीच अधिक आवडते. ज्या भाषेत विभक्तिप्रत्यय थोडे त्या भाषेत पदक्रमाला महत्त्व येते, तसे येथे मूर्तिकेऐवजी प्रकाश, अंतर आणि शेजारची वस्तू यांना बोलावे लागते.

चेहरा हलत नाही, ही तिसरी अडचण वाटते, पण ती तितकीशी खरी नाही. पांढऱ्या शिरस्त्राणातील स्टॉर्मट्रूपर या छायाचित्रकारांचा सर्वांत आवडता आहे. त्याला चेहरा नाही, नाव नाही, आणि तो नेहमी अनेकांतला एक असतो. मान खाली झुकली की तो खिन्न दिसतो, वर उचलली की चकित. चित्रपटात जो केवळ मरण्यासाठी असतो, त्याला छायाचित्रकार कपडे वाळत घालताना, चहा करताना, पावसात वाट पाहताना दाखवितात. अशा चित्रांतील विनोद दोन भाषाशैलींच्या मिश्रणातून येतो, दरबारी पोवाड्यात घरगुती ओवी यावी तसा; आणि हा विनोद सहज जमत असल्यामुळेच त्याचा अतिरेकही फार झाला आहे. चांगली चित्रे त्यापलीकडे जातात. स्नॅगलटूथ घडविणाऱ्यांनी छायाचित्रात न दिसलेला भाग कल्पनेने भरला होता. येथे चित्रपटात न दाखविलेला भाग भरला जातो. फरक इतकाच की, तेथे चित्रातून वस्तू झाली आणि येथे वस्तूतून चित्र होते.

या छंदाचा महाराष्ट्राच्या शेजारी एक खरा धागा आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. फनस्कूल ही कंपनी १९८७ साली एम. आर. एफ. व हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघाली आणि तिचा कारखाना गोव्यात होता. तेथे परवान्याने तयार झालेल्या पावणेचार इंची जी. आय. जो मूर्तिका नव्वदच्या दशकात आपल्याकडील मुलांच्या हाती होत्या. त्यांपैकी काहींचे रंग अमेरिकन मूर्तिकांहून निराळे आहेत. येथील मुलांना ते रंग मूळचेच वाटले, कारण दुसरी प्रत त्यांनी पाहिलीच नव्हती. परदेशी संग्राहकांना मात्र ते पाठभेद वाटतात आणि त्यांसाठी ते मुद्दाम शोध घेतात. बोलीला अपभ्रंश म्हणावे की स्वतंत्र रूप, हा वाद ज्यांनी केला आहे त्यांना येथे ओळखीची भूमी भेटेल.

संग्राहक आणि छायाचित्रकार यांची अखेर एका ठिकाणी भेट होते, आणि ते ठिकाण म्हणजे वस्तूचा क्षय. प्लॅस्टिक टिकाऊ म्हणून प्रसिद्ध आहे, पण मऊ प्लॅस्टिकमधील द्रव्य वर्षानुवर्षे पाझरून पृष्ठभाग चिकट होतो, आणि पांढरे प्लॅस्टिक अतिनील किरणांनी पिवळे पडते. स्टॉर्मट्रूपरचे अवयव पुष्कळदा कमीअधिक प्रमाणात पिवळे पडून एकाच देहावर दोन रंग दिसू लागतात. हायड्रोजन पेरॉक्साइड व प्रकाश यांनी तो रंग परत पांढरा करतात. ही दुरुस्ती मानावी की लबाडी, यावर संग्राहकांत एकमत नाही. बंद वेष्टनातील मूर्तिकाही यातून सुटत नाही. तेव्हा नोंद ठेवण्यासाठी छायाचित्र घ्यावेच लागते, आणि अशा छायाचित्राची शिस्त कथाचित्राहून अगदी वेगळी असते. शेजारी मोजपट्टी व करडे पत्रक ठेवावयाचे, म्हणजे पिवळेपणा किती हे पुढे कोणालाही पडताळता येईल. वेष्टनाच्या फुग्यावरील चकाकी ध्रुवणकारी काच लावून घालवावयाची. आणि रंग सुधारावयाचा नाही. ध्वनिलेखनात बोलणाऱ्याचे अशुद्ध उच्चार शुद्ध करून लिहीत नाहीत, तोच दंडक येथे आहे.

यातील सर्वांत नाजूक काम मूर्तिकेच्या पायाच्या मागील बाजूस असलेल्या अक्षरांचे होय. केनरच्या मूर्तिकांवर तेथे ‘जी. एम. एफ. जी. आय.’ ही मालक कंपनीची आद्याक्षरे, सन आणि हाँगकाँगसारखे निर्मितिस्थान ठशातच उमटविलेले असते. अक्षरे इतकी बारीक आहेत की समोरून प्रकाश टाकल्यास ती दिसतच नाहीत. ताम्रपट किंवा झिजलेला शिलालेख वाचताना दिवा बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरतात, तसाच तो येथेही धरावा लागतो. मग कडांच्या सावल्या पडतात आणि अक्षरे वर येतात. वाचून झाल्यावरही सावध राहिले पाहिजे. तेथील सन हा स्वामित्वहक्काचा असून निर्मितीचा नव्हे. मालिका १९८५ पर्यंत चालू होती, आणि त्या काळात पुन्हा तयार झालेल्या ल्यूकच्या पायावरही १९७७ हेच साल आहे. जुन्या पोथीचा लेखनशक नवी प्रत करणाऱ्याने जसाच्या तसा उतरवून घ्यावा, त्यातलाच हा प्रकार. ती मूर्तिका खरोखर कोणत्या वर्षीची हे ठरवावयाचे तर निर्मितिस्थान, अक्षरांची ठेवण आणि ठशाची झीज यांची तुलना दुसऱ्या प्रतींशी करावी लागते, आणि त्यासाठी त्या दुसऱ्या प्रतींची छायाचित्रेही बाजूच्या प्रकाशातच घेतलेली असावी लागतात.